बधिर चट्टा, दुखरी नस

१९५१-५२च्या सुमारास सेवाग्रामच्या पंचक्रोशीतल्या गावांत एक नवा प्रकार सुरू झाला. वही घेतलेला एक कार्यकर्ता घरोघर जायचा. घरातल्या सगळ्यांना, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत, उजेडात उभं करून त्यांची कातडी न्याहाळायचा. कुठे फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की त्या माणसाला डोळे मिटायला सांगायचा. मग चट्ट्यावर कापसाचा बोळा, पीस नाहीतर पेनाचं टोक हलकेच टेकवायचं आणि विचारायचं, कुठे लागलं? बोट ठेवून दाखव. ज्याचं बोट नेमक्या जागी पडलं तो सुटला. ज्याचं भलतीकडे गेलं किंवा हललंच नाही, त्याचं नाव वहीत. त्यानंतर कोपराच्या आतल्या खोबणीत बोटं घालून तिथली नस चाचपायची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्यामागची, मानेवरची. नस जाड लागली, बोटाखालून दोरीसारखी सरकली, तर शंकेला फारशी जागा उरत नसे.

दवाखान्यात डॉक्टर विचारतो, कुठे दुखतंय? इथे विचारलं जात होतं, कुठे दुखत नाही?

पाठीच्या कण्यात बारीक तार सरकवून, मज्जारज्जूला विजेचे हलके ठोके देऊन नसांच्या जुनाट कळा शमवायच्या, हा उपाय आज मुंबईसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत मिळतो. त्याला ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन’ म्हणतात. त्याचा इतिहास सांगणारे बहुधा १९६७ सालच्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडपासून सुरुवात करतात आणि तो तिथूनच सुरू होतो हे खरंही आहे. पण नसेचं दुखणं समजून घ्यायचं तर नसेचा बधिरपणा आधी पाहावा लागतो, कारण दोन्ही एकाच नसेत नांदतात. बधिर नसेचा आपल्याकडचा मोठा अध्याय वर्ध्यात घडला. त्या अध्यायात विजेची तार कुठेच नाही. तेल आहे, सुताचा चरखा आहे, पांढरी स्वस्त गोळी आहे आणि पायपीट आहे.

नसा बधिर करणाऱ्या कुष्ठरोगाला त्या काळी महारोग म्हणत, काही भागांत रक्तपिती. घरच्यांनी टाकलेला महारोगी देवळाच्या पायऱ्यांवर, जत्रेत किंवा रेल्वे स्टेशनाबाहेर दिसायचा. १८९८च्या कायद्याने भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रयगृहात डांबण्याची सोय सरकारने केली होती. उपचाराची सोय मात्र मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केली. विदर्भात अचलपूरजवळ कोठाऱ्याला त्यांचं रुग्णालय होतं. या कामात आपली माणसं नाहीत, ही गोष्ट गांधीजींना खुपत असे.

विनोबांचा मुक्काम १९३२पासून वर्ध्याजवळ नालवाडीला होता. खेड्यांतून फिरताना त्यांच्या सहकाऱ्यांना महारोगी भेटत. या सहकाऱ्यांपैकी मनोहरजी दिवाण यांनी ठरवलं की आपण हेच काम करायचं. १९३६ साली दत्तपूरला महारोगी सेवा समितीचं कुष्ठधाम सुरू झालं. त्याच वर्षी ३० एप्रिलला गांधीजी वर्धा सोडून शेगावला राहायला गेले. पुढे त्याचंच सेवाग्राम झालं. दिवाण डॉक्टर नव्हते. चांगल्या घरातला धडधाकट ब्रह्मचारी तरुण महारोग्यांच्या जखमा धुतो, ही गोष्ट त्या काळच्या वर्ध्याला पचणं कठीणच होतं. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमावरच्या आपल्या पुस्तिकेत पुढे महारोग्यांची सेवा हा स्वतंत्र विषय घातला, तेव्हा आपल्या माहितीत भारतीयाने केवळ प्रेमापोटी चालवलेली संस्था एकच, मनोहर दिवाणांची, असं त्यांनी नोंदवलं.

दत्तपूरला औषध काय होतं? चालमोगऱ्याचं तेल. या वर्गातल्या झाडांच्या, आपल्याकडच्या कडुकवठाच्याही, बियांचं हे तेल पोटात घेतलं तर ओकारी येते, म्हणून त्याच्या सुया टोचायच्या. त्याही दुखऱ्या, आणि महिनोन्‌महिने. गुण किती, हा वादाचा विषय होता. खरं औषध जखम धुण्यात, पट्टीत, पोटभर जेवणात आणि कामात होतं. शेती, कताई, जनावरं हे सगळं रुग्णांनीच पाहायचं. त्यातून माणूस उभा राहायचा हे खरं, पण इथे एक पेच होता. ज्याच्या हाताला भाजल्याचं, कापल्याचं कळत नाही, त्याच्या हातात कुदळ द्यायची. तो जोरात धरतो, कारण किती जोर लागतोय हे त्याला कळत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो. तो तसाच काम करत राहतो. बाकीचे जण ज्याला कष्टाळू म्हणून वाखाणतात, त्याचीच बोटं आधी झडतात. बोटं झडणं हा रोगाचाच भाग आहे, असं तेव्हा जगभरचे डॉक्टरही मानत.

सेवाग्रामात १९३९ साली परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे पंडित आणि सत्याग्रही. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते तेव्हा तेही तिथेच होते, पण महारोग्यांच्या वेगळ्या बराकीत. भेट होऊ शकली नाही, चिठ्ठ्यांतून बोलणं झालं. आता रोग बळावला होता आणि आसरा हवा होता. गांधीजींनी आश्रमवासीयांना विचारलं आणि आपल्या कुटीपासून जवळच त्यांना झोपडी बांधून दिली. रोज ते स्वतः त्यांना मालिश करत. उकिडवे बसून शास्त्रीबुवांचा पाय चोळणाऱ्या गांधीजींचं छायाचित्र आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याखाली करुणा, सेवा असे शब्द छापतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. महारोग्याला हात न लावण्याच्या काळात एक माणूस आपल्या तळहाताने दुसऱ्याच्या कातडीवर दाब देत होता, आणि ती कातडी अर्धीमुर्धी बधिर होती. शरीरात चोळण्याचं काय होतं, याचं शास्त्रीय उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. ते यायला पंचवीस वर्षं होती. परचुरे शास्त्री पुढे दत्तपूरला गेले आणि १९४५ साली वारले. सेवाग्रामला गेलात तर त्यांची कुटी आजही दाखवतात.

१९४०च्या दशकात औषधाची बाजू पालटली. डॅप्सोन हे रसायन जर्मनीत १९०८ सालीच तयार झालेलं होतं, पण महारोगावर कुणी वापरलं नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या रुग्णालयात गाय फॅजे यांनी त्याचाच एक भाऊबंद, प्रोमिन, शिरेतून द्यायला सुरुवात केली. मद्रासजवळ चेंगलपट्टूला रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९४६पासून मूळ डॅप्सोनच वापरलं. थोड्याच वर्षांत ते गोळीच्या रूपात आलं, आणि ती गोळी इतकी स्वस्त होती की गरीब देशालाही परवडावी.

गांधीजींच्या मृत्यूनंतर जमलेल्या स्मारक निधीतून १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं, मुख्यालय वर्ध्याला. त्याची सूत्रं डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांच्याकडे होती, आणि या माणसाचं डोकं फार वेगळं चालायचं. निधी हाती आल्यावर कुणीही आधी इमारत बांधली असती, दत्तपूरसारखी आणखी पाच-दहा धामं काढली असती. वार्डेकरांनी हिशेब मांडला. देशात रुग्ण लाखोंनी, आणि त्या सगळ्यांना पुरतील इतक्या खाटा कधीच होणार नाहीत. शिवाय धामात येतो तो रोग पुढे गेलेला माणूस, बोटं वाकडी झाल्यावर येणारा. पहिला चट्टा आलेला माणूस तर घरीच असतो, शेतात असतो. त्याला स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून आपणच त्याच्याकडे जायचं. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार असा क्रम त्यांनी ठरवला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सेट’ पद्धत म्हणू लागले. लेखाच्या सुरुवातीला जो वहीवाला माणूस पाहिला, तो या पद्धतीचा. त्याला डॉक्टरकीची पदवी लागत नव्हती. काही महिन्यांचं प्रशिक्षण आणि चांगले डोळे पुरत होते. पहिलं केंद्र सेवाग्रामचं. १९५५ साली सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम आखला तो याच साच्यावर. देशभरात कुष्ठरोग तंत्रज्ञांची जी फळी उभी राहिली, तिचं मूळ असं वर्ध्यात आहे. त्या फळीचं पुरेसं लेखन आपल्याकडे झालं नाही, ही मला मोठी उणीव वाटते. आश्रमाच्या कहाण्या सांगायला सोप्या असतात, वहीच्या कहाण्या रटाळ वाटतात.

मधल्या मध्ये नसेत काय चाललं होतं ते पाहू. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेननी १८७३ साली शोधला. तो माणसाच्या शरीरातल्या थंड जागा शोधतो, आणि नसेच्या तंतूंभोवती जे आवरणपेशींचं कवच असतं त्यात घर करतो. कोपर, मनगट, गुडघा, घोटा, म्हणजे जिथे नस कातडीच्या अगदी खाली येते आणि थंड असते, तिथेच तो रमतो. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तीच ही नस. आधी बारीक तंतू मरतात. गरम-थंड कळेनासं होतं. मग टोचलेलं कळत नाही, मग हलका स्पर्श, शेवटी स्नायूंची शक्ती. म्हणूनच चुलीवरचं भांडं धरणाऱ्या बाईचा हात भाजतो आणि घरात वास सुटल्यावर तिला ते समजतं.

बोटं रोगाने झडत नाहीत, हे नीट दाखवून दिलं डॉ. पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी ते १९१४ साली जन्मले, आणि १९४६पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक होते. वाकडी बोटं सरळ करण्यासाठी त्यांनी स्नायुबंध एका जागचे काढून दुसऱ्या जागी जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. हात बरे झाले, आणि तरी काही रुग्णांची बोटं सकाळी कमी झालेली दिसू लागली. रात्री पाळत ठेवली तेव्हा उलगडा झाला: झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडत होता आणि त्याला जाग येत नव्हती. तेव्हापासून घरी परतणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याचा रिवाज त्यांच्याकडे पडला. ब्रँडना त्यातून आयुष्यभराचं एक वेड लागलं. वेदना ही शरीराची राखणदार आहे आणि ती गेली की शरीर स्वतःलाच खातं, हे ते सांगत राहिले.

१९६६ साली ते कारव्हिलला गेले. तिथे त्यांनी कृत्रिम वेदना बनवायचा प्रकल्प हाती घेतला. बधिर हातासाठी हातमोजा, त्यात दाब मोजणारी यंत्रं. धोक्याइतका दाब पडला की कानाशी आवाज. रुग्ण आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करत. मग दिवे लावून पाहिले, तोही प्रकार चालला नाही. शेवटी जिथे जाणीव शाबूत आहे अशा काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका बसायचा, दुखायचंही. पण एखादा घट्ट स्क्रू फिरवायचा असला की रुग्ण यंत्रच बंद करून टाकत आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू करत. बटणाने बंद करता येते ती वेदना राखण करू शकत नाही. बराच पैसा आणि बरीच वर्षं घालवून त्यांनी तो नाद सोडला.

तोवर क्लीव्हलँडला नेमका उलटा प्रयोग झालेला होता, आणि त्यात बटणाने वेदना बंद करणं हाच हेतू होता.

त्याचा पाया १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या एका लेखाने घातला होता. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की वेदना घंटेच्या दोरीसारखी सरळ मेंदूत वाजत नाही. मज्जारज्जूत एक झडप आहे. बारीक तंतूंतून येणारी दुखण्याची वर्दी तिथे अडते किंवा पुढे जाते. स्पर्श आणि दाब वाहणारे जाड तंतू सुरू असले की झडप मिटते. पाय ठेचकाळल्यावर आपण लगेच चोळतो, आई पोराचा गुडघा चोळून फुंकर घालते, त्यामागे हेच. गांधीजींच्या मालिशीत शरीरात काय होतं या प्रश्नाचंही निदान अर्धं उत्तर या लेखात आहे. पुढे संशोधनाने या मांडणीचे तपशील बरेच बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

क्लीव्हलँडच्या नॉर्मन शिली या मेंदूशल्यचिकित्सकाने ती कल्पना शब्दशः घेतली. जाड तंतूंनी झडप मिटत असेल, तर हे तंतू जिथे एकत्र गोळा होऊन वर जातात त्या मज्जारज्जूच्या मागच्या खांबांनाच वीज का देऊ नये? अभियांत्रिकीचा विद्यार्थी टॉमस मॉर्टिमर याने त्याला विद्युतपट्टी आणि यंत्र बनवून दिलं. मांजरांवर प्रयोग झाले. मग १९६७च्या मार्चमध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने छातीत असह्य कळा येणाऱ्या सत्तर वर्षांच्या एका माणसाच्या पाठीत ते बसवलं गेलं. कळा थांबल्या. माणूस फार दिवस जगला नाही, पण वेदनेचं बटण सापडलं होतं. त्याच वर्षी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी कातडीवरून आणि नसेत वीज देऊनही वेदना तात्पुरती थांबते हे दाखवलं. शिलीने कण्यातलं यंत्र कुणाला लागू पडेल हे चाचपण्यासाठी कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या वापरल्या. त्यांतूनच ‘टेन्स’ नावाचं यंत्र बाजारात आलं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा फिजिओथेरपीवाले कंबरेला जो ‘करंट लावतात’, त्यातला एक करंट या कुळातला. कण्यातलं महागडं यंत्र आणि स्वस्तातला तो करंट एकाच लेखाची लेकरं आहेत, हे करंट घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आता मी ज्या गोष्टीकडे येतोय ती वर्ध्याच्या इतिहासात फार उशिरा आली. ज्यांना दुखत नाही असे लोक, ही महारोग्यांची प्रतिमा अर्धीच खरी होती. नस मरताना गप्प मरतेच असं नाही. काहींची नस खरंच मुकाट मरते, पण जंतूंविरुद्ध शरीर अचानक पेटून उठतं तेव्हा नस आतल्या आत सुजते. तिच्याभोवतीचं आवरण ताणलं जात नाही, आणि माणूस कोपर छातीशी धरून रात्र रात्र बसतो. याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. ती डॅप्सोन चालू असतानाही यायची, आणि गोळीनेच हे झालं असं मानून रुग्ण गोळी सोडत. पुढे यावर स्टिरॉइड आली. लवकर दिली तर नस वाचते, उशीर झाला तर हात लुळा पडतो. काही रुग्णांच्या नसेला ताणाबाहेर काढण्यासाठी शस्त्रक्रिया करून आवरण चिरावं लागे. १९६४ साली जेरुसलेमला जेकब शेस्किन यांनी झोप यावी म्हणून एका रुग्णाला थॅलिडोमाइड दिलं आणि एका प्रकारची रिअ‍ॅक्शन ओसरली. गर्भवतींच्या बाळांना अपंग करून बदनाम झालेल्या औषधाला महारोगात दुसरा जन्म मिळाला, ही वैद्यकाच्या इतिहासातली विचित्र गोष्ट.

रिअ‍ॅक्शनचं दुखणं निदान दिसतं, म्हणून डॉक्टर धावतात. पण जंतू मेल्यावर, गोळ्या संपल्यावर, वर्षानुवर्षांनी उरणारं दुखणं वेगळं. मेलेल्या चट्ट्याच्या आसपास जळजळ, अंगात वीज चमकल्यासारखं, मुंग्या, चादरीचा स्पर्शही नकोसा. नसेतले उरलेसुरले तंतू स्वतःहून खोट्या वर्द्या पाठवतात, आणि मज्जारज्जू त्या मोठ्या करून मेंदूला देतो. एकाच बोटाला टाचणी टोचली तर कळत नाही, आणि तेच बोट रात्रभर जळतं. रुग्ण हे सांगायला गेला तर ऐकणाऱ्याला ते कांगावा वाटे: बधिर आहे ना, मग दुखतं कसं?

दुखण्याचीच गोष्ट निघाली म्हणून बाबा आमट्यांचं नाव घ्यायला हवं. ते वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे, जन्म २६ डिसेंबर १९१४चा. वरोऱ्याला वकिली, नगरपालिका, मग महारोग्यांचं काम. त्यासाठी कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक संस्थेत जाऊन शिक्षण, आणि तिथे संशोधनासाठी स्वतःच्या अंगात या रोगाचे जंतू टोचून घेणं. आनंदवन उभं राहिलं. १९५१ साली विनोबांनी त्याचं उद्घाटन केलं. ज्यांची वेदना हरवली आहे अशा माणसांत आयुष्य घालवणाऱ्या बाबांचा स्वतःचा कणा झिजला. मानेपासून कंबरेपर्यंत इतका, की त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. शस्त्रक्रिया झाल्या, पट्टे आले, दुखणं राहिलं. १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत सायकलवर निघालेल्या तरुणांच्या मागे बाबा बसमध्ये बिछान्यावर आडवे पडून होते. लोकांना त्यात जिद्द दिसली, ती होतीच. त्यांचं आडवं पडणं हे कण्याच्या दुखण्याचंही चित्र होतं, आणि ते आपण फारसं बघितलं नाही.

पुढे औषधांची बाजू पुन्हा फिरली. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे होतात हे १९६४ साली मलायातल्या सुंगेई बुलोहला सिद्ध झालं होतं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र मारा सुचवला: डॅप्सोन, रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या ज्या पहिल्यावहिल्या जिल्ह्यांत हा बहुविध औषधोपचार सुरू झाला, त्यांत वर्धा होता. यात आश्चर्य काही नाही. घरोघर तपासणीची तीस वर्षांची सवय, नावनिशीवार वह्या, प्रशिक्षित माणसं, सगळं तयार होतं. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या ऐवजी ठरावीक मुदतीत उपचार संपू लागले. रुग्णाच्या नावापुढे ‘आरएफटी’ लागलं, म्हणजे उपचारमुक्त. २००५च्या डिसेंबरात देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं, आणि कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं सरकारने जाहीर केलं. वर्ध्याने सुरू केलेलं काम यशस्वी ठरलं, याबद्दल वाद नाही. जंतू मोजायचा होता, तो मोजला आणि मारला.

राहिली ती नस. उपचारमुक्तांच्या नसांतल्या उरलेल्या दुखण्याकडे बघायला जगाने २००० सालाच्या सुमारास सुरुवात केली. बांगलादेश, ब्राझील, मग भारत. २०११ साली मुंबईतल्या एका अभ्यासात उपचार संपलेल्या १०१ रुग्णांना नीट विचारलं, तपासलं, आणि २२ जणांना नसेचं जुनाट दुखणं निघालं. पाचातला एक! त्यासाठी दहा मुद्द्यांची एक फ्रेंच प्रश्नावली वापरली: जळतं का, विजेचे झटके बसतात का, मुंग्या येतात का, खाजतं का, आणि शेवटी ब्रश व टाचणीची तपासणी. सेवाग्रामच्या वहीवाल्याला ती पाहून हसू आलं असतं, कारण ब्रश-टाचणीसारखेच पीस आणि पेनाचं टोक तर त्याच्याकडेही होतं.

मग या माणसांसाठी कण्यातलं यंत्र का नाही? आधी पैशाचं बघू. सुई वापरून कण्याच्या पोकळीत तार सरकवायची, आठवडाभर चाचणी घ्यायची, दुखणं निम्म्याहून कमी झालं तर कमरेत किंवा पोटाच्या कातडीखाली बॅटरी बसवायची. हे सगळं लाखांत जातं, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची असते. दुसरं कारण शास्त्राचं. यंत्र काम करतं ते जाड तंतूंवर. जिथे तेच तंतू फार मोठ्या प्रमाणात मेले, तिथल्या दुखण्यावर यंत्राची मात्रा सहसा कमी चालते. म्हणून ज्या दुखण्यांवर मोठ्या चाचण्या झाल्या ती वेगळी: पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात उतरणारी कळ, जखमेनंतर हातापायात भडकून राहणारं दुखणं, आणि अलीकडे मधुमेहाच्या नसा. मधुमेहासाठी अमेरिकेत याला २०२१ साली मान्यता मिळाली. यंत्रही बदललं, पूर्वी दुखण्याच्या जागी गुदगुल्यांसारख्या झिणझिण्या जाणवाव्या लागत, आता सेकंदाला दहा हजार ठोक्यांच्या यंत्राने काहीच जाणवत नाही. पण २०२२ साली नॉर्वेतून आलेल्या एका काटेकोर चाचणीत यंत्र चालू आणि गुपचूप बंद यांत रुग्णांना फरक पडला नाही. ती चाचणी एका विशिष्ट प्रकारच्या ठोक्यांपुरती होती, तरी त्यावरून तज्ज्ञांत अजून खडाजंगी चालू आहे. शिलीने स्वतः तर १९७०च्या दशकातच यंत्रं बसवायचं सोडून दिलं होतं.

दत्तपूरच्या किंवा देवळीच्या म्हाताऱ्या उपचारमुक्ताला यंत्राची गरज बहुधा पडणारही नाही. रात्री झोपताना अमिट्रिप्टिलीनची छोटीशी गोळी, नाहीतर गॅबापेंटिन, यांनी बऱ्याच जणांची जळजळ सुसह्य होते, आणि त्या गोळ्या स्वस्त आहेत. अडचण त्याच्या आधी आहे. कुष्ठरोगातल्या अपंगत्वाची जगभर वापरली जाणारी श्रेणी तीन पायऱ्यांची: हातापायाला बधिरता नाही, व्यंग नाही तर शून्य, बधिरता असेल तर एक, दिसणारं व्यंग असेल तर दोन. त्या तक्त्यात नसेच्या दुखण्याला पायरीच नाही. रात्रभर जळणाऱ्या पण स्पर्श शाबूत असलेल्या हाताची नोंद आजही शून्य म्हणूनच होते.